गटाराला भरतीचे वेळापत्रक कशाला?

मुंबईची वर्तमानपत्रे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक कोष्टक छापतात. येत्या चार महिन्यांत कोणत्या दिवशी, किती वाजता, समुद्राला साडेचार मीटरहून मोठी भरती येणार आहे ते त्यात दिलेले असते. हे कोष्टक कोळी लोकांसाठी असावे असे तुम्हांला वाटेल. पण कोळ्यांना भरती-ओहोटी सांगायला वर्तमानपत्र कशाला हवे? ते तिथीवरून ती तोंडी सांगतात. या कोष्टकाकडे खरे डोळे लावून बसलेला माणूस वेगळाच असतो. तो म्हणजे महानगरपालिकेत गटारे सांभाळणारा अभियंता.

गटाराचा आणि समुद्राच्या भरतीचा काय बरे संबंध? तो कळला, की हवामान बदलले तर शहरातील संडास आणि गटारे का अडचणीत येतात हेही कळेल. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेत शिकलेलाच आहात. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, आणि जोडलेल्या पात्रांत ते आपली पातळी समान राखते. बस, एवढेच!

मुंबईत जमिनीखाली दोन वेगवेगळी जाळी आहेत. एक पर्जन्य जलवाहिन्यांचे. रस्त्यावर, गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी या वाहिन्यांतून आणि नाल्यांतून समुद्राकडे जाते. दुसरे मलवाहिन्यांचे. तुमच्या न्हाणीघरातले, मोरीतले, संडासातले पाणी या वाहिन्यांतून मलजल केंद्रांकडे जाते. पूर्वीच्या अनेक युरोपीय शहरांत या दोहोंना मिळून एकच वाहिनी असे; मुंबईत ती वेगळी ठेवली आहेत. निदान कागदावर तरी.

मलवाहिनी हे दिसायला साधे, पण हिशेबाने मोठे नाजूक यंत्र आहे. तिच्यातील पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने तरी वाहायला हवे. वेग त्याहून कमी झाला, की मैला आणि वाळू तळाशी बसू लागतात. वेग मिळतो उतारातून. पण मुंबई बरीचशी सपाट. म्हणून वाहिनी जसजशी पुढे जाते तसतशी ती जमिनीत खोल खोल न्यावी लागते. फार खोल गेली, की तेथे विहीर बांधून पंपाने पाणी वर उचलायचे आणि पुन्हा उताराने सोडून द्यायचे. अशा जागेला उदंचन केंद्र म्हणतात. शहराचे सात विभाग पाडलेले आहेत. त्यांपैकी वरळी आणि वांद्रे येथील पाणी समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडले जाते.

जुन्या मुंबईतील विटांच्या काही वाहिन्यांचा छेद अंड्यासारखा आहे, निमुळती बाजू खाली. असे का केले असेल? उन्हाळ्यात पाणी थोडे असते. रुंद तळावर ते पातळ पसरेल आणि रेंगाळेल. निमुळत्या तळात तेच पाणी खोल राहते आणि वेगाने जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या कारागिरांना आपण मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

पर्जन्य जलवाहिन्यांची गोष्ट निराळी. त्यांचे पाणी बहुतांशी पंपाविना, केवळ गुरुत्वाकर्षणाने समुद्रात किंवा खाडीत जावे अशी योजना होती. समुद्राकडे उघडणारी त्यांची १८० हून अधिक तोंडे आहेत. पालिकेच्या भाषेत पातमुखे. यांतील बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. कारण मुळात मुंबई ही सात बेटे. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी-वरळीकडील खिंडार बांध घालून बंद केले, तेव्हा आतली खाजणे कोरडी पडली आणि पुढे त्यांवर वस्ती झाली. पण जमीन सखल ती सखलच राहिली. समुद्र बाहेर थोपवला गेला, इतकेच.

भरती येते तेव्हा

आता एक प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा, बुचाला भोक पाडून त्यात हातभर लांबीची नळी घट्ट बसवा. बाटली उलटी करून स्टुलावर उंच धरा, नळीचे दुसरे टोक खाली रिकाम्या बादलीत तळाजवळ सोडा. बाटलीत रंगीत पाणी ओता. ते झरझर खाली उतरेल. आता मित्राला बादली पाण्याने काठोकाठ भरून हळूहळू वर उचलायला सांगा, आणि बाटलीत पाणी ओतत राहा. बादलीतील पाण्याची पातळी बाटलीतील पातळीच्या जवळ येऊ लागली की धार मंदावते. दोन्ही समान झाल्या की थांबते. बादली आणखी उचलली तर? तर बादलीतले पाणी बाटलीत चढू लागते!

बाटली म्हणजे शहर आणि बादली म्हणजे समुद्र. मुंबईचा समुद्र मोठ्या उधाणाच्या दिवशी सहा तासांत सुमारे चार मीटर वर चढतो. पातमुख बुडाले, की आतले पाणी बाहेर जायचे थांबते आणि समुद्रच आत शिरू पाहतो. त्याला अडवायला पातमुखावर झडप लावतात. वरच्या बाजूला बिजागरी, खाली मोकळी, आणि फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी. आतला दाब जास्त असेल तर ती उघडते, बाहेरचा जास्त झाला की आपोआप मिटते. तुमच्या हृदयातील झडपाही अशाच एकाच दिशेला उघडतात. पण झडप बंद असताना शहरावर पाऊस कोसळत असेल, तर ते पाणी जाणार कोठे?

किती पाणी असते याचा हिशेब करू. तुमच्या शाळेचे पटांगण एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर आहे असे धरा. ताशी ५० मि.मी. पाऊस पडला तर एका तासात ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी जमते. पटांगण मातीचे असेल तर काही मुरेल. त्यावर फरशी घातली की जवळजवळ सारेच वाहून जाईल. मुंबईची जुनी वाहिनी-व्यवस्था ताशी २५ मि.मी. पावसासाठी आखलेली होती. शिवाय त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, आणि समुद्राला ओहोटी असेल, असे धरले होते. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. त्यात क्षमता ताशी ५० मि.मी. करावी आणि मुरण्याचा भरवसा धरूच नये, असे सांगितले होते. अहवाल बराच काळ फडताळात राहिला.

मग २६ जुलै २००५ हा दिवस उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. हा तेथील वर्षभराच्या पावसाच्या एक-तृतीयांशाहून अधिक! त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७० ते ७५ मि.मी. पडला. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला सुमारे १९० मि.मी. पाऊस झाला, आणि जवळपास त्याच वेळी समुद्राला साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. विहार आणि पवई तलावांकडून येऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी भराव आणि कचऱ्याने आधीच आकसलेली होती. ती पसरली. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

हवा तापली की काय बदलते

असा दिवस पुन्हा कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण फासे कोणत्या बाजूला झुकले आहेत ते सांगता येते.

हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. ओले कपडे उन्हाळ्यात लवकर वाळतात त्याच्याशी याचे नाते आहे. म्हणजे ढगांच्या गोदामात माल जास्त, आणि पडतो तेव्हा तो एकदम पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. २०१७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की त्याच काळात तेथील पावसाळ्याचा एकूण पाऊस वाढलेला नाही, उलट घटलेला आहे. पावसाचे दिवस कमी आणि मुसळधार जास्त. गटाराच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट सौदा आहे. कारण गटाराला वर्षाचा पाऊस कळत नाही, त्याला फक्त या तासाचा कळतो.

दुसरीकडे समुद्र. जगभरातील सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. शेवटच्या दशकभरात हा वेग वर्षाला ३.७ मि.मी.पर्यंत गेला होता. वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. एवढ्याने काय होते?

चला, करून पाहू. समजा, एके दिवशी ओहोटीची पातळी ०.५ मीटर आहे आणि भरतीची ४.५ मीटर. आलेख काढला तर तो साधारण लाटेसारखा येईल, मधली रेषा २.५ मीटरवर. एक पूर्ण फेरी १२ तास २५ मिनिटांची. आता एका वाहिनीतील पाण्याची पातळी ३.५ मीटर आहे असे धरा. समुद्र त्याहून वर असेल तेवढा वेळ झडप बंद. हिशेब केला तर हा वेळ ४ तास ८ मिनिटे येतो. समुद्र २० सेंटिमीटरने चढला, की तोच वेळ ४ तास ३५ मिनिटे होतो. आणखी २० सेंटिमीटर, की बरोबर ५ तास. वीतभर समुद्र वाढला म्हणून शहर बुडत नाही, पण दर भरतीला गटाराचे दार जवळजवळ अर्धा तास अधिक बंद राहते. दिवसात भरती दोनदा येते. दहावीपुढच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे त्रिकोणमितीने पडताळून पाहावेत. इतरांनी आलेख कागदावर मोठा काढून चौकोन मोजले तरी चालेल.

दोन पाणी एक होतात तेव्हा

रस्त्यावर साचलेले पाणी नुसते पावसाचे असते तर त्रास झाला असता, पण भीती वाटली नसती. दोन जाळी वेगळी आहेत असे वर म्हटले खरे. पण रस्त्यावर कमरेएवढे पाणी साचले, की ते मलवाहिनीच्या झाकणांतून आत उतरते. मलवाहिनी काठोकाठ भरते. मग पात्रे जोडलेली असल्याने ती आपली पातळी शोधू लागते, आणि ती तिला सापडते तळमजल्यावरच्या संडासात. संडासाच्या भांड्याखाली वाकडी नळी असते. तिच्यात दोन-अडीच इंच पाणी नेहमी साठून राहते आणि वाहिनीतील दुर्गंध अडवते. या जलबंधात बुडबुडे येऊ लागले, की समजावे, खालून दाब चढतो आहे. (पाठ्यपुस्तकात वक्रनलिकेचे चित्र काचेच्या नळीचे असते. घरोघरी रोज वापरात असलेल्या या वाकड्या नळीचे चित्र दिले असते तर धडा विसरणे अशक्य झाले असते, असे मला नेहमी वाटते.)

आणि ज्यांच्या घरात संडासच नाही त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दहांपैकी चार माणसे झोपडवस्तीत राहत होती. तेथे पुष्कळांना सार्वजनिक शौचालयावर अवलंबून राहावे लागते. अशी कित्येक शौचालये मलवाहिनीला जोडलेलीच नाहीत. त्यांची टाकी भरली की मैला शेजारच्या नाल्यात जातो. तोच नाला पावसाळ्यात घरात शिरतो. वीज गेली की शौचालयाचा पंप बंद, पंप बंद की पाणी नाही, पाणी नाही की शौचालयाला कुलूप. रात्री, पावसात, बायकामुलींनी मग जावे कोठे? मोठमोठ्या योजनांच्या नकाशात हा प्रश्न फार लहान दिसतो. माझ्या मते तोच आधी सोडवायला हवा, कारण व्यवस्था पहिल्यांदा मोडते ती तेथे.

पुराच्या पाण्यात उंदरांचे आणि गुराढोरांचे मूत्र मिसळते. त्यातून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू पायावरच्या लहानशा खरचटीतून शरीरात शिरतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, असे पालिका दर पावसाळ्यात सांगते.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. पाणी लवकर ओसरावे म्हणून लोक मॅनहोलचे झाकण काढतात. गढूळ पाण्याखाली ते भोक कोणाला दिसणार? २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत असाच मुसळधार पाऊस असताना एक नामांकित डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि प्राणास मुकले. त्यानंतर झाकणाखाली लोखंडी जाळी बसवण्याचे काम सुरू झाले. झाकण निघाले तरी माणूस जाळीवर अडकावा, हा हेतू. किती साधी युक्ती!

या जाळीचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. ताशी १९० मि.मी. पाऊस वाहून नेईल अशी गटारे बांधायची तर रस्त्यांना जागाच उरणार नाही. तेव्हा कधीही न तुंबणारे गटार हे स्वप्न सोडून द्यावे. गटार तुंबले तर कोणाचा जीव जाऊ नये, मैला घरात येऊ नये, आणि पाणी दोन दिवसांऐवजी दोन तासांत उतरावे, एवढे मात्र मागता येते. अभियंते लवचीक व्यवस्था म्हणतात ती हीच.

उतार गेला, तर त्याच्या जागी काय?

भरतीने हिरावलेला उतार पंपाने परत मिळवता येतो. २००५ नंतरच्या वर्षांत हाजी अली, इर्ला, वरळीचे लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, रे रोडजवळील ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी पावसाच्या पाण्याची सहा उदंचन केंद्रे उभी राहिली. येथील मोठा पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उचलतो. ते चार मीटर उचलायचे तर शक्ती किती लागेल? ६००० × ९.८ × ४, म्हणजे सुमारे २३५ किलोवॅट. जवळजवळ सव्वातीनशे अश्वशक्ती. घर्षण धरलेले नाही. पावसाळी वादळात वीजपुरवठा तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि पंपाची गरजही तेव्हाच सर्वांत जास्त. म्हणून डिझेलवर चालणारे जनित्र हवे, आणि जनित्र व विजेचे फलक पुराच्या पातळीच्या वर हवेत. तळघरात ठेवलेले जनित्र पुरात सर्वांत आधी बुडते.

दुसरा उपाय थांबण्याचा. परळ-दादरजवळचा हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. तेथले पाणी भरतीच्या वेळी साठवून ठेवायला २०२१ पासून जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधण्यात आल्या. समुद्र उतरला की पाणी सोडायचे. तलाव, खाजणे, तिवरांची दलदल हे काम फुकट करीत होते. आता ते काँक्रीट ओतून करावे लागते.

आणि नालेसफाई? नाल्याच्या तळाशी हातभर गाळ असेल, तर कागदावर ५० मि.मी.ची क्षमता कागदावरच राहते. पंपाच्या जाळीवर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कोट्यवधी रुपयांच्या यंत्राला निकामी करू शकतात.

पाणीच नसले तर

हवामान बदलते म्हणजे पूरच येतो असे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. जुन्या पद्धतीच्या टाकीत साखळी ओढली की दहा लिटर पाणी जाते. म्हणजे ती सगळी गाडी पन्नास हजार वेळा साखळी ओढण्यात संपली असती! जेथे भुयारी गटार आहे तेथे दुष्काळात दुसरे संकट येते. पाणी कमी, वेग कमी, आणि मैला वाटेतच बसतो. अंड्याच्या आकाराची आठवण येथे पुन्हा होते. थोड्या पाण्यात धुऊन निघणारी भांडी आणि धुण्याभांड्याचे पाणी पुन्हा संडासासाठी वापरण्याची सोय, या गोष्टी दुष्काळी शहरांना मुंबईच्या पंपांइतक्याच गरजेच्या आहेत.

तुमच्या गावची टाकी

तुमच्यांपैकी पुष्कळ जण अशा गावांत राहत असतील, जेथे भुयारी गटार नाही. तेथे घरामागे सेप्टिक टँक असते. मैला तळाशी बसतो, जिवाणू तो कुजवतात, वरचे पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. अतिवृष्टीत भूजल वर चढले, की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि संडास तुंबतो. मग घरचे लोक टँकर बोलावून टाकी पूर्ण उपसून घेतात. येथे आर्किमिडीज वाट पाहत असतो! समजा, टाकी प्लॅस्टिकची, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल आहे. तिचे आकारमान तीन घनमीटर. भोवतीची जमीन पाण्याने पूर्ण भिजली असेल, तर तिच्यावर तीन हजार किलोग्रॅम पाण्याच्या वजनाइतका उत्प्लावक जोर वरच्या दिशेने लागतो. टाकीचे स्वतःचे वजन त्यापुढे अगदीच किरकोळ. वर दडपण पुरेसे नसेल तर रिकामी टाकी होडीसारखी वर येते आणि नळ्या तोडते. म्हणून पूरप्रवण भागात टाकी काँक्रीटच्या पायाला बांधून ठेवावी, उपसण्याचे काम पावसाळ्याआधी उरकावे, आणि पुराच्या दिवसांत ती तळापर्यंत रिती करू नये.

टाकीचे झाकण मात्र तुम्ही स्वतः कधीही उघडू नका. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. दुसरा फार विषारी आहे, आणि जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो. टाकीत उतरून साफ करणारे कितीतरी कामगार याच वायूंनी मेले आहेत. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम यंत्राने करायचे.

पण घरी विचारून एवढे लिहून काढा. आपल्या संडासाचे पाणी कोठे जाते, मलवाहिनीत, टाकीत की सरळ नाल्यात? टाकी असेल तर शेवटची कधी उपसली? शोषखड्डा विहिरीपासून किती पावलांवर आहे? आणि मागच्या मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते? त्या खुणेपासून संडासाच्या भांड्याचा काठ किती सेंटिमीटर वर किंवा खाली आहे, ते मोजपट्टीने मोजा. उभे अंतर मोजायला गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी चालेल.